साबणाच्या कढईतला सूड

मित्रांनो, मी एक जुनी ढवळणी आहे. स्वयंपाकघरातली पळी समजू नका. साबणाच्या कारखान्यात मोठी कढई ढवळण्यासाठी मला बनवले होते. माझी उंची एखाद्या धडधाकट माणसाएवढी. खाली होडीच्या वल्ह्यासारखे रुंद पाते आणि वर दोन्ही हातांनी धरायचा गोल दांडा. पाते आता एका कडेने झिजून तिरके झाले आहे. दांड्यावर दोन ठिकाणी गुळगुळीत खोलगट खुणा पडल्या आहेत. त्या आत्याच्या हातांच्या.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. त्यांना कोणी उकिरड्यावर टाकले तरी त्या म्हणतात, असो, आमच्या हातून सेवा घडली. मी तसे म्हणणार नाही. ज्याने मला टाकले त्याचे वाईट व्हावे असे मला मनापासून वाटत होते. ते झालेही. पण ते होताना मध्येच दुसरे एक माणूस भाजले, आणि म्हणून ही गोष्ट मला तुम्हाला सांगावी लागते आहे.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. आत्या आणि तिचा थोरला भाऊ, दादा, असे दोघे त्याच्याकडे आले होते. आत्या तेव्हा तिशीची होती. संसार मोडून एका पत्र्याच्या ट्रंकेसह ती भावाकडे परत आली होती. दादाने नुकतीच घरामागे पत्र्याची शेड टाकून साबण करायला घेतला होता. सुताराने विचारले, "किती उंच करू?" दादा म्हणाला, "हिच्या खांद्यापर्यंत धर. ढवळणार ही आहे." मग सुताराने आत्याला ताठ उभे केले आणि तिच्या खांद्यावरून दोरीने माप घेतले. त्यावर धरायला दीड हात लाकूड जास्त ठेवले. एखाद्याचा सदरा शिवावा तशी मी तिच्यासाठी घडले.

आमचे काम सोपे दिसे, पण सोपे नव्हते. कढईत खोबरेल तेल कोमट करायचे. दुसऱ्या भांड्यात पाण्यात कॉस्टिक विरघळवायचे. कॉस्टिक म्हणजे दिसायला पांढरे खडे, पण हाताला लागले तर कातडी सोलून काढणारे. ते पाणी तेलात धार धरून ओतायचे आणि ढवळत राहायचे. आधी नुसता गढूळ रस्सा दिसतो. मग तो दाट होत जातो. शेवटी मला वर उचलले की मागे रेघ उमटून राहते. ती रेघ दिसली की आत्या म्हणायची, "जमलं."

दादाला एक मुलगा होता. त्याला सगळे सोन्या म्हणत. आई लहानपणीच गेल्यामुळे तो आत्याच्या पदराला धरून शेडमध्ये फिरे आणि तिला प्रश्न विचारून भंडावून सोडी. एकदा त्याने कढईत पाण्याचा थेंब टाकला आणि तो तेलाखाली गोळी होऊन बसलेला पाहिला. "आत्या, साखर पाण्यात विरघळते, मग तेल का नाही?" त्याने विचारले.

आत्याचे शिक्षण फार नव्हते, पण दादाची पुस्तके तिने दोनदा वाचली होती. तिने एका पेल्यात पाणी घेतले.

"हे बघ," ती म्हणाली, "पाण्याचे रेणू फार चिकट स्वभावाचे. प्रत्येकाच्या एका टोकाला थोडा धन भार, दुसऱ्या टोकाला थोडा ऋण भार. त्यामुळे ते एकमेकांचे हात धरून बसलेले असतात. मीठ आलं, साखर आली, की त्यांनाही धरायला हात असतात. मग पाणी आपले हात सोडून त्यांचे धरतं. तेलाला हातच नाहीत. त्याला धरायचं कुठे? म्हणून पाणी आपल्या माणसांना सोडत नाही आणि तेल बाहेर पडतं."

"म्हणजे पाण्याला तेलाचा राग येतो?"

"राग बिग काही नाही. आपल्या माणसांपुढे परकं दिसत नाही, एवढंच."

मग त्याने खडूचा तुकडा कुटून पाण्यात टाकला. तो बुडाशी बसला. "याचं काय?"

"याची गोष्ट उलटी. खडूला हात आहेत, पण त्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेत की पाण्याला ते सोडवता येत नाहीत. पाणी ओढतं, पण कमी पडतं."

"आणि साबण?"

"साबणाला दोन तोंडं. एक पाण्याकडे, एक तेलाकडे. म्हणून तो मळाला धरून पाण्यात ओढतो." ती हसली. "तुझ्यासारखा. बापाकडे गेलास की त्याचा, माझ्याकडे आलास की माझा."

बावीस वर्षे आम्ही असे काढली. लोक पुड्यावरचे नाव वाचत नसत. दुकानात जाऊन "आत्याचा साबण द्या" म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता. मला वाटे, त्या नावात माझाही वाटा आहे.

मग दादा गेला. छातीत कळ आली आणि कढईजवळच खाली बसला, तो उठलाच नाही. सोन्या तोवर पंचविशीचा झाला होता. शेड त्याच्या नावावर झाली. पहिले काही महिने तो आत्याला विचारून सगळे करी. पुढे विचारणे कमी झाले. पुढे सांगणे सुरू झाले.

एके दिवशी मोटरवर फिरणारे यंत्र आले. कढईवर त्याचा लोखंडी खांब बसवला, खाली तीन पाती. बटण दाबले की गरगर फिरे. सोन्या म्हणाला, "आत्या, आता तुझ्या खांद्यांना सुटी. खूप केलंस. आराम कर." ऐकायला गोड होते. आत्याने हात पुसले आणि शेडला लागून असलेल्या आपल्या खोलीत गेली. मला भट्टी सांभाळणाऱ्या गड्याने, भट्टीवाल्याने, उचलले आणि अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून लावले. दोरी खाली झुकू नये म्हणून मधोमध मला उभे केले. वर कोणाचे तरी ओले मोजे लोंबत होते. बावीस वर्षांच्या सेवेचे हे फळ.

तरी तेवढ्यावरून मी सुडाची भाषा बोलले नसते. यंत्र येते, जुने बाहेर जाते, हे मला कळत होते. पण आठवड्याभरात नवे पुडे छापून आले. त्यावर सोन्याचा फोटो होता, कोट घातलेला. त्याच दुपारी एक दुकानदार माल न्यायला आला. तो पुडा उलटापालटा करून म्हणाला, "यावर आत्याचं नाव नाही कुठे?"

सोन्या शेडच्या दारात उभा होता. आत्या खोलीच्या उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती. मधे फक्त अंगण आणि मी. सोन्याने आवाजही खाली केला नाही.

"ती?" तो म्हणाला. "ती ढवळायला होती."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ती सोलली, दाणे वाडग्यात टाकले आणि पुढची घेतली. तिने वर पाहिले नाही. पण मी त्या हातांना ओळखत होते. बावीस वर्षांत त्यांनी कधी काही वाया घालवले नव्हते. त्या पुढच्या शेंगेची टरफले वाडग्यात पडली आणि दाणे जमिनीवर.

मित्रांनो, त्या क्षणापासून माझ्या मनात विष भरले. ढवळायला होती! ढवळणे म्हणजे काय, हे त्याला कधी कळले होते? मी लाकूड. मला पाय नाहीत, तोंड नाही. दोरीखाली उभी राहून मी एकच घोकत होते, याची चांगली जिरली पाहिजे. वारा आला की मी जरा जास्तच हलत असे. त्याचे धुतलेले शर्ट दोनदा मी मातीत पाडले. त्यात मला फार आनंद झाला, हे कबूल करते. पण एवढ्याने माझे समाधान होण्यासारखे नव्हते.

संधी पुढच्या महिन्यात चालून आली. खोबरेल तेलाऐवजी शेडमध्ये पामतेलाची पिंपे उतरली. स्वस्त पडते म्हणून सोन्याने तेल बदलले होते. आत्या खिडकीतून पाहत होती. पिंपावरची अक्षरे तिने वाचली. ती काही बोलली नाही.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. सगळी तेले दिसायला सारखी, पण सारखी नसतात. खोबरेलाचे रेणू आखूड, म्हणून दहा किलोत ते संख्येने जास्त बसतात. पामतेलाचे लांब, म्हणून कमी बसतात. दहा किलो खोबरेलाला आत्या पावणेदोन किलो कॉस्टिक घाली. तेवढ्याच पामतेलाला सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅम पुरते. खोबरेलाचे माप पामतेलाला लावले तर चारशे ग्रॅम कॉस्टिकला धरायला तेलच उरत नाही. ते साबणात तसेच मोकळे राहते. दिसत मात्र नाही. उलटी चूक झाली असती, कॉस्टिक कमी पडले असते, तर उरलेले तेल वड्यांवर घाम आल्यासारखे पाझरले असते आणि कोणालाही कळले असते. कॉस्टिक पाण्यात पुरते विरघळते. त्याचा मागमूसही राहत नाही.

हे सगळे आत्याला ठाऊक होते. सोन्याला ठाऊक नव्हते. तो वही घेऊन अंगणात आला. माझ्या शेजारीच उभा राहून त्याने विचारले, "आत्या, कॉस्टिकचं माप पावणेदोनच ना दहाला?"

आत्या वाळलेले कपडे काढत होती. तिचा एक हात माझ्या दांड्यावर होता.

"मी बावीस वर्षं त्याच मापाने साबण केला," ती म्हणाली.

"झालं तर मग," असे म्हणून तो गेला.

तिच्या बोलण्यात एक अक्षर खोटे नव्हते. पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर देत होती तो त्याने विचारला नव्हता. तिचा हात बराच वेळ माझ्यावर तसाच राहिला. तिची पकड इतकी घट्ट होती की मला कढईचे दिवस आठवले. मी मनात म्हणत होते, शाबास. बोलू नकोस. तो मालक आहे ना, निस्तरू दे त्याला.

साबण झाला. वड्या टणक, पांढऱ्याशुभ्र निघाल्या. सोन्या प्रत्येकाला दाखवत फिरला. भट्टीवाल्याने एक वडी हातात घेऊन म्हटले, "जरा ठिसूळ वाटते." सोन्या म्हणाला, "तुम्हाला जुन्याची सवय." माल दुकानांत गेला. मोठा वाटा सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात गेला, जिथे रोज शंभर-सव्वाशे चादरी धुतल्या जात.

मी वाट पाहू लागले. दुकानदार माल परत आणतील, गिऱ्हाईक शिव्या देईल, फोटोतला कोट उतरेल. रोज सकाळी मी रस्त्याकडे कान लावून उभी असे. आत्याही पाहत असे. तिने त्या दिवसांत जेवण अर्ध्यावर आणले होते, हेही मी पाहिले. पण त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

दहाव्या दिवशी दुपारी जी आली ती दुकानदार नव्हती. ती चादरवाली होती. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुणारी, म्हणून तिला तेच नाव पडले होते. आत्याची ती वीस वर्षांपासूनची मैत्रीण. दर महिन्याला साबणाची पेटी न्यायला ती स्वतः येई आणि उंबऱ्यावर बसून तासभर बोले. आज ती लवकर आली होती. दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते.

"आत्या," ती बसता बसता म्हणाली, "गावातलं पाणी बदललंय का गं?"

"का?"

तिने फडके सोडले. बोटांच्या पेरांवरची कातडी निघून आत लाल मांस दिसत होते. तळहातांना भेगा पडल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटे तिला मिटता येत नव्हती.

"आधी नुसती खाज आली. मग सालं निघायला लागली. मला वाटलं, चादरींवर कसलं तरी औषध सांडत असेल. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तसं काही नाही."

आत्या त्या बोटांकडे पाहत म्हणाली, "मग साबण बदलून बघायचास."

"साबण कशाला बदलू?" चादरवाली म्हणाली. "साबण तर तुझाच आहे."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. लाकूड पाण्यात विरघळत नाही, कॉस्टिकनेही लवकर खचत नाही. पण त्या वाक्याने माझ्या आत काहीतरी चिरले. दहा दिवस मी ज्याच्या भाजण्याची वाट पाहत होते त्याच्या हातात पेन होते. तो कपडे धूत नव्हता. साबण ज्यांच्या हाताला लागतो त्यांची मला आठवणच झाली नव्हती.

आत्या उठली. तिने मला एका हिसक्यात दोरीखालून ओढून काढले. ओले कपडे सगळे मातीत पडले. मला हातात धरूनच ती शेडमध्ये शिरली. आत तोच दुकानदार बसला होता आणि सोन्या त्याला नव्या वड्या दाखवत होता.

"मशीन बंद कर," आत्या म्हणाली.

"आत्या, गिऱ्हाईक बसलंय."

"असू दे. त्यालाही बघू दे." तिने टेबलावरची एक वडी उचलून त्याच्यापुढे धरली. "जिभेला लाव."

"काय?"

"साबण करणारा माणूस कढईतून घाणा उतरला की आधी जिभेला लावून बघतो. तुझा बाप प्रत्येक वेळी लावायचा. तू एकदा तरी लावलास?"

दुकानदार पाहत होता. भट्टीवालाही काम थांबवून पाहत होता. सोन्या कसनुसा हसला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं." त्याने वडीवरून जीभ फिरवली.

चांगला साबण जिभेला नुसता बेचव, साबणच लागतो. मोकळे कॉस्टिक विंचवासारखे नांगी मारते. सोन्याच्या तोंडून आवाज फुटला, वडी खाली पडली, आणि तो नळाकडे धावला. नळाखाली तोंड धरून तो कितीतरी वेळ उभा होता. कॉस्टिक पाण्यात विरघळून वाहून गेले, पण जिभेवर फोड उठायचे ते उठलेच. ज्या जिभेने तो "ढवळायला होती" म्हणाला होता, तीच. खरे सांगते, मला गोड वाटले. आजही वाटते.

तोंड पुसत तो परतला. शब्द त्याला नीट उच्चारता येत नव्हते. "तू... तू मला माप चुकीचं दिलंस."

"माप बरोबर होतं. तेल दुसरं होतं," आत्या म्हणाली. "या तेलाला ते माप जास्त होतं. आणि ते मला माहीत होतं."

दुकानदाराने हातातली वडी खाली ठेवली. मग दारातून आवाज आला. चादरवाली आत्याच्या मागोमाग आली होती.

"तुला माहीत होतं?"

आत्याने मागे वळून पाहिले. "हो."

"कधीपासून?"

"पिंपं उतरली त्या दिवसापासून."

चादरवालीने हातांवर फडके पुन्हा गुंडाळायला घेतले. बोटे मिटत नसल्याने तिला ते जमेना. आत्या मदतीला पुढे झाली, तशी ती एक पाऊल मागे सरली. फडके तसेच लोंबकळत ठेवून ती निघून गेली.

आत्या खाली वाकली. जमिनीवर पडलेली वडी तिने उचलली, सगळ्यांसमोर आपल्या जिभेवर ठेवली आणि तशीच धरून राहिली. भट्टीवाल्याने पुढे होऊन ती काढून घेतली. मग आत्या नळाकडे गेली, चूळ भरली आणि त्याला म्हणाली, "भट्टी पेटव."

पुढचे चार दिवस सोन्या सुजलेल्या जिभेने दारोदार फिरला. दुकानातून दुकानात जाऊन तो वड्या परत मागत होता. लोक कारण विचारत आणि त्याला धड सांगता येत नसे. जे ऐकायला मी महिनाभर आसुसले होते ते आता मिळत होते, पण त्याची चव उतरली होती. दवाखान्यानेही उरलेला साबण परत केला आणि यापुढे घेणार नाही असे कळवले.

परत आलेल्या वड्या किसून आत्याने मोठ्या कढईत टाकल्या. वर पाणी आणि नवे पामतेल घातले, मोकळ्या कॉस्टिकला धरायला काहीतरी मिळावे म्हणून. यंत्र लावले असते तर उकळत्या साबणाचा फेस उडून भट्टीत सांडला असता. म्हणून मीच कढईत उतरले. तिचे हात पुन्हा माझ्या दांड्यावर आले. मी मात्र कोणत्या तोंडाने खूश होणार होते?

सगळे एकजीव झाले तेव्हा आत्याने मूठमूठ मीठ टाकायला सुरुवात केली. सोन्या शेजारी उभा होता. न विचारताच तिने सांगायला सुरुवात केली. "मीठ आलं की पाणी त्याला धरायला धावतं. इतकं धावतं की साबणाला धरायला त्याच्याजवळ हात उरत नाहीत. मग साबणसुद्धा पाण्यात विरघळेनासा होतो, वर येतो. उरलंसुरलं कॉस्टिक खाली खारट पाण्यात राहतं." आणि खरेच, कढईत दह्यासारखे पांढरे गोळे वर चढू लागले, खाली पिवळट पाणी उरले. ते पाणी तिने वेगळे काढून पिंपात भरले आणि पिंपावर मोठ्या अक्षरांत "धोका" असे लिहायला सोन्याला लावले.

साबण बिनधोक झाला. पण चादरवालीचे हात किसून, उकळून पुन्हा करता येण्यासारखे नव्हते. तिचे काम रोजचे होते. हात चालले नाहीत तर दवाखाना दुसरी बाई पाहणार होता. आत्याने तिच्याकडे मलम पाठवले, ते परत आले. तेव्हा एका सकाळी आत्याने मला खांद्यावर टाकले आणि थेट दवाखान्याच्या धुलाईघरात गेली.

ती लांबट, ओलसर खोली होती. भिंतीलगत सिमेंटचे चार हौद, वर वाफ, कोपऱ्यात मळक्या चादरींचा ढीग. चादरवाली स्टुलावर बसली होती, हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. आत्याने तिच्याकडे पाहिले नाही. पहिल्या हौदात गरम पाणी सोडले, चादरी टाकल्या आणि मला घेऊन ढवळू लागली.

काही चादरी झाल्यावर चादरवाली म्हणाली, "त्या हिरव्या काठाच्या वेगळ्या धुतात. रक्ताच्या आहेत. थंड पाण्यात."

आत्याने हिरव्या काठाच्या बाहेर काढल्या.

असे सात आठवडे चालले. आत्या बावन्न-त्रेपन्नची झाली होती. शंभर-सव्वाशे चादरी म्हणजे चेष्टा नव्हे. संध्याकाळी तिला पाठ सरळ करता येत नसे. चादरवाली रोज येऊन स्टुलावर बसे आणि कामापुरतेच बोले. ही राहिली, ती पिळली नाही, पाणी बदल. कधी कधी ती मुद्दाम स्वच्छ धुतलेली चादर पुन्हा हौदात टाकायला लावी. आत्या मुकाट्याने टाकी. मी तेव्हा ओळखले, सूड घेणारी मी एकटी नव्हते. हिचाही चालला होता, आणि तो माझ्यापेक्षा न्यायाचा होता.

सातव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. नवी कातडी गुलाबी, पातळ होती. डाव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नव्हती आणि पुढे कधी मिटलीही नाहीत. चादरवालीने बोटे उघडझाप करून पाहिली, मग हौदाजवळ आली आणि आत्याच्या हातातून मला काढून घेतले.

"उद्यापासून येऊ नकोस," ती म्हणाली.

आत्या हात पुसत उभी राहिली. म्हणाली, "मी माफी मागितली नाही अजून तुझी."

"मागू नकोस. मागितलीस तर मला द्यावी लागेल." ती ढवळू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "तुझं त्याच्याशी भांडण होतं ना? मग मला येऊन सांगायचंस. मी तुझ्या बाजूने भांडले असते. दवाखान्यात, बाजारात, सगळीकडे ओरडून सांगितलं असतं की साबण कोणाचा आहे ते."

आत्या रिकाम्या हातांनी दाराकडे वळली. 

मी त्या दिवसापासून धुलाईघरातच आहे. आत्या मला मागायला आली नाही आणि चादरवालीने मला परत दिले नाही. दांडा तिला उंच पडतो, तरी ती कापत नाही. पुढच्या गोष्टी मला इकडून तिकडून कळतात. सोन्या आता प्रत्येक घाण्याआधी आत्याला विचारतो, तेल कोणते, माप किती. त्याने विचारले नाही तरी ती सांगते. पुड्यावरचा फोटो त्याने काढला, पण आत्याचे नाव घातले नाही, आणि "ढवळायला होती" या शब्दांबद्दल तो तिला कधी काही बोलला नाही. त्या शब्दांचा माझा राग अजून तसाच आहे. तो जाईल असे मला वाटत नाही, आणि गेला असे तुम्हाला खोटे सांगणारही नाही.

तर मित्रांनो, राग येऊ नये असा उपदेश मी करणार नाही. कोणी तुमचा अपमान केला, तुमचे श्रेय घेतले, तर राग येईलच. माझी विनंती वेगळी आहे. तुम्हाला जे धोक्याचे म्हणून ठाऊक आहे ते कोणाला धडा शिकवण्यासाठी पोटात ठेवू नका. भांडा, ओरडा, दार आपटा, पण ते आधी सांगून टाका. मी लाकूड होते, मला बोलता येत नव्हते. आत्याला येत होते. तुम्हालाही येते.